करार कोणाचा आणि जोखीम कोणाच्या अंगावर?

(अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल आणि खेळाडूंचे करार या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



ऑगस्ट महिना संपत आला की अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगच्या ३२ संघांच्या कार्यालयांत एक ठरलेला विधी पार पडतो. सराव-शिबिरासाठी प्रत्येक संघाला ९० खेळाडू बाळगण्याची मुभा असते. हंगाम सुरू होताना मात्र पटावर ५३ खेळाडूच ठेवता येतात. २०२३ पासून ही छाटणी एकाच मुदतीत पुरी करावी लागते. प्रत्येक संघातून ३७ जण, म्हणजे सर्व संघांतून मिळून अकराशेहून अधिक तरुण, दोन-चार दिवसांत बेकार होतात. काहींना कमी पगारावर सराव-चमूत परत घेतले जाते. बाकीचे घरची वाट धरतात. यांतील बहुतेकांच्या हाती रीतसर सह्या झालेला करार असतो आणि तो पुष्कळदा तीन किंवा चार वर्षांचा असतो.

सही केलेला करार एका दुपारी रद्दी होतो, तेव्हा त्या करारात नेमके काय लिहिलेले असते, हा प्रश्न खेळाच्या शौकिनांपुरता मर्यादित राहत नाही. तो श्रम आणि भांडवल यांच्या संबंधाचा प्रश्न बनतो. म्हणून ज्या खेळाशी आपला काही संबंध नाही त्याच्या हिशेबाच्या वह्या उघडून पाहण्यासारख्या आहेत.

हा फुटबॉल आपल्याकडे खेळतात तो नव्हे. तो रग्बीच्या कुळातला, अंगावर धडकून खेळण्याचा खेळ आहे. मैदानावर एका वेळी अकराच गडी असतात. पण चढाई करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे आणि लाथेने चेंडू मारण्याच्या प्रसंगी उतरणारे आणखी वेगळे. त्यामुळे पट मोठा लागतो. हंगामात प्रत्येक संघ १७ सामने खेळतो आणि दर आठवड्याला कोणी ना कोणी जायबंदी होतो. खेळाडू संघटनेच्या हिशेबाप्रमाणे खेळाडूची सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास भरते. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढील सगळे विवेचन त्याभोवती फिरणार आहे.

प्रथम मालकांच्या बाजूची व्यवस्था पाहू. अमेरिका हा मुक्त स्पर्धेचा जप करणारा देश. परंतु तेथील या सर्वांत श्रीमंत खेळात मालकांनी आपसांत स्पर्धा जवळजवळ बंद केलेली आहे. १९६१ साली अमेरिकन काँग्रेसने एक खास कायदा करून लीगला सर्व संघांचे दूरचित्रवाणी हक्क एकत्रितपणे विकण्याची परवानगी दिली. पीट रोझेल हे त्या वेळी लीगचे आयुक्त होते. राष्ट्रीय प्रक्षेपणातून येणारा पैसा तेव्हापासून सर्व संघांत समान वाटला जातो. न्यूयॉर्कच्या संघाला जेवढा वाटा, तेवढाच विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या लाखभर वस्तीच्या गावच्या संघाला. हा ग्रीन बेचा संघ तर १९२३ पासून लोकांच्या भागभांडवलावर चाललेली, लाभांश न वाटणारी संस्था आहे. लीगच्या आजच्या नियमांनुसार अशा मालकीचा दुसरा संघ निघू शकत नाही. क्लीव्हलँडच्या संघाचे एके काळचे मालक आर्ट मॉडेल थट्टेने म्हणत, की आम्ही सारे मालक रिपब्लिकन असलो तरी फुटबॉलच्या बाबतीत समाजवादाला मत देतो. थट्टा असली तरी वर्णन अचूक होते.

या वाटपाची दुसरी बाजू म्हणजे ड्राफ्ट. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांच्या कल्पनेतून १९३६ साली तो सुरू झाला. महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी पाळीपाळीने वाटून घ्यावयाचे, आणि मागल्या हंगामात जो संघ तळाशी राहिला त्याने पहिली निवड करावयाची. दुबळ्याला आधी वाटा, ही कल्पना मोठी न्यायाची दिसते. पण वाटली जाते ती माणसे. एखाद्या अभियांत्रिकी पदवीधराला सांगावे, की अमुक एका कंपनीने तुझे नाव उचलले आहे, आता तुला त्याच गावी त्याच कंपनीत काम करावे लागेल, इतरांनी तुला पगार विचारावयाचा नाही; तसाच हा प्रकार आहे.

खेळाडूंनी हे मुकाट्याने सोसले असे नाही. त्यांची संघटना १९५६ साली स्थापन झाली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने राडोविच खटल्यात निर्णय दिला, की मक्तेदारीविरोधी कायदा फुटबॉलला लागू होतो. तरीही मुदत संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघात जाणे अवघडच राहिले. कारण जो संघ त्याला घेईल त्याने जुन्या संघाला भरपाई द्यावी आणि ती आयुक्तांनी ठरवावी, असा नियम होता. संघटनेचे अध्यक्ष जॉन मॅकी यांनी त्यावर दावा लावला आणि १९७६ साली तो जिंकला. मात्र १९७७च्या करारात संघटनेने त्या विजयाचा मोठा भाग वाटाघाटीत सोडून दिला.

१९८२ साली ५७ दिवसांचा संप झाला. संघटनेची मागणी मोठी मार्मिक होती: लीगच्या एकूण उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा खेळाडूंना मिळावा. ती मान्य झाली नाही. १९८७ साली दुसरा संप झाला तो संघ बदलण्याच्या स्वातंत्र्यासाठी. या वेळी मालकांनी मुंबईच्या गिरणगावाला पुरेपूर ओळखीचा असलेला उपाय योजला. त्यांनी बदली गडी उभे केले. तीन आठवड्यांचे सामने अशा बदली खेळाडूंनी खेळले, दूरचित्रवाणीवर ते दाखवलेही गेले. काही नामवंत खेळाडूही संप मोडून मैदानात उतरले आणि २४ दिवसांत संप कोसळला.

त्यानंतर संघटनेने विलक्षण मार्ग धरला. सामूहिक सौदा चालू आहे तोवर मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार घेता येणार नाही, असे न्यायालयाचे मत पडले होते. तेव्हा १९८९ साली संघटनेने सौदा करण्याचा आपला अधिकारच सोडून दिला आणि खेळाडू व्यक्तिशः न्यायालयात गेले. १९९२ साली फ्रीमन मॅकनील यांच्या खटल्यात ज्यूरीने लीगच्या विरुद्ध कौल दिला. १९९३ साली तडजोड झाली आणि ठराविक वर्षे खेळलेल्या खेळाडूला मुदत संपल्यावर संघ बदलण्याची मुभा मिळाली. ज्या रेजी व्हाइट यांच्या नावे तडजोडीचा दावा होता, ते त्याच वर्षी ग्रीन बेच्या संघात चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरवर गेले.

पण मालकांनी या स्वातंत्र्याची किंमत वसूल केली. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख डॉलर झाली. ही मर्यादा लीगच्या उत्पन्नाशी टक्केवारीने बांधलेली आहे. २०२० साली खेळाडूंनी १,०१९ विरुद्ध ९५९ अशा निसटत्या मतांनी मान्य केलेल्या करारात त्यांचा वाटा किमान ४८ टक्के ठरला. १९८२ साली संपकऱ्यांनी मागितलेली टक्केवारी बारा वर्षांनी आली खरी, पण ती येताना पगारावरचे झाकण बनून आली.

या झाकणाखाली संघ बांधण्याचे एक शास्त्रच तिकडे तयार झाले आहे. ते समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्तमानपत्रात मथळा येतो: अमुक खेळाडूचा पाच वर्षांचा पाच कोटी डॉलरचा करार. आत काय असते? सहीच्या वेळी दोन कोटींचा बोनस रोख. उरलेले तीन कोटी पाच वर्षांच्या पगारात, पहिल्या वर्षी २० लाख, मग ४०, ६०, ८० आणि शेवटी १०० लाख. पगार असा चढता ठेवलेला असतो. बोनस खेळाडूच्या हाती एकदम पडतो; पण वेतनमर्यादेच्या हिशेबात तो पाच वर्षांवर सारखा पसरून दरसाल ४० लाख धरला जातो.

आता तिसरे वर्ष संपले. खेळाडू २९-३० वर्षांचा झाला, गुडघा कुरकुरू लागला. चौथ्या वर्षी त्याला ठेवले तर हिशेबात १ कोटी २० लाख पडतात. काढून टाकले तर बोनसचे न आकारलेले ८० लाख तेवढे अंगावर येतात. त्याला तिकडे ‘मेलेला पैसा’ म्हणतात. म्हणजे त्या वर्षी ४० लाख मोकळे झाले आणि पाचव्या वर्षाचे १ कोटी ४० लाख पूर्णच वाचले. व्यवस्थापक त्याला काढतो. खेळाडूच्या हाती आले ते ३ कोटी २० लाख. मथळ्यातील उरलेले १ कोटी ८० लाख कधी कोणाचे नव्हतेच.

उलट दिशेने मात्र ही सोय नाही. खेळाडू भरास आला, त्याचा बाजारभाव दुप्पट झाला, तरी तो करार मोडून जाऊ शकत नाही. घरी बसला तर दंड होतो. पाच वर्षांचा करार खेळाडूला पाच वर्षे बांधतो आणि मालकाला हमीच्या रकमेपुरता बांधतो. म्हणून करार मोजावयाचा तो मुदतीने अथवा एकूण आकड्याने न मोजता हमीने मोजावा लागतो. त्या हमीतही पोटभेद आहेत. खेळाडूला तीन कारणांनी काढता येते: कौशल्य कमी पडले, दुखापतीमुळे तो अपात्र ठरला, किंवा वेतनमर्यादेत जागा हवी आहे. तिन्ही कारणांविरुद्ध लेखी हमी असेल तरच ती पूर्ण हमी होय.

आता सव्वातीन वर्षांचा आकडा पुन्हा आठवावा. ड्राफ्टमधून आलेल्या नवख्याचा पहिला करार चार वर्षांचा असतो, त्याची रक्कम निवडीच्या क्रमांकाप्रमाणे जवळजवळ ठरलेली असते आणि तीन हंगाम संपेपर्यंत त्यात फेरवाटाघाट करता येत नाही. म्हणजे सरासरी खेळाडूची कारकीर्द, खुल्या बाजारात आपली किंमत विचारण्याचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वीच संपते. १९९३ साली मिळवलेले स्वातंत्र्य निम्म्याहून अधिकांच्या वाट्याला येतच नसावे, असे यावरून अनुमान निघते.

हे नवे वेतनमान २०११ साली, मार्च ते जुलै चाललेल्या टाळेबंदीनंतर आले. त्याआधी २०१० साली ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाखांचा करार मिळाला होता आणि त्यातील ५ कोटींची हमी होती. २०११ साली पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला मिळाले चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख. संघटनेने ही कपात का पत्करली? वाचलेला पैसा जुन्या खेळाडूंकडे वळेल, अशी आशा होती. शिवाय जे तरुण पुढल्या वर्षी येणार होते ते त्या दिवशी संघटनेचे सभासद नव्हते; त्यांना मत नव्हते. आज हजर असलेल्यांनी उद्या येणाऱ्यांच्या हक्कावर तडजोड करावी, हा मोह जगातील कोणत्याही कामगार संघटनेला चुकलेला नाही.

परिणाम मात्र उलटाच झाला. स्वस्त नवखा हाताशी असताना सहा-सात वर्षे खेळलेल्या मध्यम प्रतीच्या खेळाडूला अधिक पैसे कोण देणार? पट वरून आणि खालून भरला जातो आणि मधला माणूस गळतो. रसेल विल्सन या एकाच खेळाडूच्या उदाहरणात या गणिताची दोन्ही टोके दिसतात. २०१२ साली सिॲटलने त्याला तिसऱ्या फेरीत घेतले. चार वर्षांचे मिळून जेमतेम ३० लाख डॉलर. मुख्य जागेवरचा खेळाडू इतका स्वस्त मिळाल्याने इतर जागांवर खर्च करता आला आणि २०१३च्या हंगामात सिॲटल विजेता ठरला. पुढे २०२२ साली डेन्व्हरने त्याच्याशी पाच वर्षांचा २४ कोटी ५० लाखांचा वाढीव करार केला आणि त्या वाढीव मुदतीचे पहिले वर्ष सुरू होण्यापूर्वी, मार्च २०२४ मध्ये, त्याला मोकळे केले. दोन वर्षांवर मिळून साडेआठ कोटींचा मेलेला पैसा डेन्व्हरच्या वहीत पडला. तरीही तो संघ त्याच हंगामात बाद फेरीत पोहोचला, कारण विल्सनच्या जागी बो निक्स हा नवखा चार वर्षांच्या सुमारे १ कोटी ८६ लाखांवर आलेला होता. मालकाची चूक भरून निघते ती नवख्याच्या ठरवून कमी ठेवलेल्या पगारातून.

आणि एखादा खेळाडू पहिला करार संपवून उत्तम स्थितीत उरलाच, तर त्याच्यासाठी आणखी एक अडसर आहे. दरसाल प्रत्येक संघाला आपला एक खेळाडू ‘फ्रँचाइझ टॅग’ लावून वर्षभर अडवून ठेवता येतो. त्याला त्या जागेवरील सर्वाधिक पगारांच्या सरासरीइतके मोठे वेतन मिळते, पण एकाच वर्षाचे. पुढच्या वर्षांची जोखीम त्याच्याच अंगावर राहते. २०१८ साली पिट्सबर्गच्या लव्हिऑन बेलने १ कोटी ४५ लाख डॉलर नाकारून सबंध हंगाम घरी काढला. कर्क कझिन्सने याउलट वॉशिंग्टनमध्ये २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षे ही जोखीम अंगावर घेतली आणि २०१८ साली मिनेसोटाकडून तीन वर्षांचा ८ कोटी ४० लाखांचा पूर्ण हमीचा करार मिळवला.

या वाटेवर पुढचे पाऊल २०२२ साली पडले. क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसनला पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलरची पूर्ण हमी दिली. हा खेळाडू आदर्श म्हणावा असा नव्हता. वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दावे लावले होते आणि लीगने पुढे त्याला अकरा सामन्यांसाठी निलंबित केले. मालकांची खरी धास्ती मात्र पूर्ण हमीचा पायंडा पडण्याची होती. नंतर इतर मोठ्या खेळाडूंना तशी हमी मिळेना, तेव्हा संघटनेने संगनमताची तक्रार केली. जानेवारी २०२५ मध्ये लवादाचा निकाल आला. संघांनी प्रत्यक्ष संगनमत केल्याचे सिद्ध होत नाही, असे लवादाने ठरवले. परंतु लीगच्या व्यवस्थापन परिषदेने मार्च २०२२च्या बैठकीत, आयुक्तांच्या संमतीने, मालकांना हमी कमी करण्यास उत्तेजन दिले, असेही त्यात नमूद केले.

याहून शोचनीय गोष्ट पुढची आहे. हा निकाल लीगने आणि खेळाडू संघटनेच्या नेतृत्वाने मिळून गुप्त ठेवला. ज्यांच्या भाकरीचा प्रश्न त्या खेळाडूंना तो जून २०२५ मध्ये पत्रकारांकडून कळला. जुलैमध्ये संघटनेच्या कार्यकारी संचालकाने राजीनामा दिला. त्यामागे इतरही कारणे होती. सभासदांपासून निकाल लपवणारी संघटना मालकाच्या टेबलाच्या कोणत्या बाजूस बसली आहे, असे सभासदांनी विचारले तर त्यांना दोष देता येत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. २०२५ साली नवख्या खेळाडूचा किमान पगारच ८ लाख ४० हजार डॉलर होता. अशा लक्षाधीशांसाठी अश्रू का ढाळावेत? अश्रूंची गरज नाही, हिशेबाची आहे. पगार मोठा आहे, कारण उत्पन्न प्रचंड आहे आणि ते उत्पन्न याच माणसांच्या शरीरांतून निघते. ती शरीरे पुढे कशी होतात, हे मेंदूच्या दुखापतींच्या खटल्यात जगाने पाहिले. २०१३ साली ७६ कोटी ५० लाखांची तडजोड ठरली. ती रक्कम अपुरी पडेल असे दिसल्यावर २०१५ साली मान्य झालेल्या तडजोडीतून कमाल मर्यादा काढावी लागली. त्यातही कृष्णवर्णीय खेळाडूंची बौद्धिक क्षमता मुळातच कमी धरून नुकसान मोजण्याची पद्धत होती. ती बंद करण्याचे २०२१ साली कबूल झाले. तीन वर्षांची कमाई आणि पुढील चाळीस वर्षांचे दुखणे, असा हा ताळेबंद आहे.

दुसरा आक्षेप असा, की वेतनमर्यादेमुळेच ग्रीन बेसारखे गाव न्यूयॉर्कपुढे टिकते. हेही खरे आहे. बेसबॉलमध्ये अशी मर्यादा नाही. तेथे श्रीमंत आणि गरीब संघांतील दरी मोठी आहे. पण त्याच बेसबॉलमध्ये खेळाडूंचे करार व्यवहारात पूर्ण हमीचे असतात. पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ म्हणून घडलेल्या मार्व्हिन मिलर यांनी १९६६ पासून बेसबॉलच्या खेळाडूंना एकजुटीची जी शिस्त लावली, तिचा त्यात मोठा वाटा आहे. फुटबॉलमधील मालक म्हणतात, की हमी दिलेली भावी रक्कम आधीच वेगळी ठेवावी लागते, म्हणून पूर्ण हमी परवडत नाही. दूरचित्रवाणीचे खात्रीचे उत्पन्न नसलेल्या काळात तो नियम समजण्यासारखा होता. आज तो सबबीपुरता उरला आहे.

तेव्हा नियोजन वाईट, स्पर्धा चांगली, असा निष्कर्ष येथून निघत नाही. उत्पन्न समान वाटावे, दुबळ्याला आधार द्यावा, खर्चाला शिस्त असावी, ही तत्त्वे या लीगने यशस्वी करून दाखवली आहेत. प्रश्न एवढाच, की हे विमाछत्र मालकांच्या डोक्यावर उघडते आणि खेळाडूच्या डोक्यावर मिटते. तोट्याच्या संघाला वाटा मिळतो, तळाच्या संघाला पहिली निवड मिळते, चुकलेल्या व्यवस्थापकाला स्वस्त नवखा मिळतो; मोडलेल्या गुडघ्याला मात्र बाजाराचा नियम लागू होतो.

सध्याचा करार २०३०च्या हंगामापर्यंत आहे. त्यानंतरच्या वाटाघाटीत खेळाडूंनी टक्केवारीच्या एखाद-दुसऱ्या अंकासाठी सगळी शक्ती खर्च करू नये. पहिला करार चाराऐवजी तीन वर्षांचा व्हावा, दुखापतीविरुद्धची हमी प्रत्येक करारात सक्तीची असावी, हमीची रक्कम अडकवून ठेवण्याचा नियम जावा आणि संघटनेच्या हाती येणारा प्रत्येक निकाल सभासदांसमोर ठेवला जावा, या चार मागण्या अधिक मोलाच्या आहेत. त्यांतील चौथीसाठी मालकांची परवानगी लागत नाही. तिची सुरुवात खेळाडूंना आजच करता येईल.